बाणावरील अक्षरें

रसायनशास्त्राच्या पुस्तकांत समीकरण छापतात, तेव्हां डाव्या हातास मूळ द्रव्यें असतात, उजव्या हातास तयार झालेला पदार्थ असतो, आणि दोहोंच्या मध्यें एक लहानसा बाण असतो. या बाणाच्या डोक्यावर कधीं कधीं बारीक अक्षरांत एखाद्या धातूचें नांव लिहिलेलें असतें. तेलाचें वनस्पति तूप होतें त्या समीकरणांत तेथें निकेल असतें. विद्यार्थी डावी बाजू पाठ करतात, उजवी बाजू पाठ करतात. बाणावरील अक्षरें मात्र एका गुणापुरतीं लक्षांत ठेवतात आणि परीक्षा संपली कीं विसरून जातात. आमचें म्हणणें असें कीं, विद्येचा जीव त्या बाणांतच आहे. आणि जो समाज आपल्या मुलांस ‘काय मिळालें?’ एवढेंच विचारतो, ‘कसें झालें?’ हें विचारीत नाहीं, तो दुसऱ्यांच्या बागेंतील फळें विकत घेणाराच राहतो.

उत्प्रेरक म्हणजे काय हें समजण्यासाठीं आपल्याकडील लग्न जुळविणारा मध्यस्थ डोळ्यांपुढें आणावा. दोन घरें तो जुळवून देतो, पण स्वतः कोणत्याच घरचा होत नाहीं. एक कार्य उरकलें कीं दुसऱ्या दारीं जातो. निकेल, पॅलेडियम, ऱ्होडियम, तांबें हे धातु अणूंच्या जगांत हेंच काम करतात. फ्रान्समधील पॉल साबात्ये यांनीं बारीक निकेलच्या सान्निध्यांत हायड्रोजन वायु सेंद्रिय द्रव्यांशीं कसा जोडला जातो हें दाखविलें, व १९१२ सालीं त्यांस व्हिक्टर ग्रिन्यार यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें २०१० सालीं तेंच पारितोषिक रिचर्ड हेक, एइची नेगिशी व अकिरा सुझुकी यांस देण्यांत आलें. कार्बनाचा एक अणु दुसऱ्या कार्बनाच्या अणूशीं पॅलेडियमच्या साह्यानें जोडण्याच्या रीती त्यांनीं शोधल्या होत्या. या दोन सन्मानांमध्यें ९८ वर्षें गेलीं, तरी प्रश्न बाणावरील धातूचाच होता.

ही विद्या केवळ परदेशची, असें मात्र कोणीं समजूं नये. मुंबईस पवई येथील आय. आय. टी. मध्यें देबब्रत मैती हे प्राध्यापक याच विषयाचें संशोधन करितात. ते मूळचे बंगालचे. तिकडील महाविद्यालयांतून बी. एस्‌सी. होऊन ते एम्‌. एस्‌सी. साठीं पवईस आले. पुढें अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत केनेथ कार्लिन यांच्यापाशीं तांबें व ऑक्सिजन यांच्या संबंधाचा अभ्यास करून २००८ सालीं ते पीएच्‌. डी. झाले. त्यानंतर एम्‌. आय. टी. मध्यें स्टीफन बुकवाल्ड यांच्या हाताखालीं कांहीं काळ काम करून २०११ सालीं ते अध्यापक म्हणून पवईस परतले. रसायनशास्त्राचें २०२२ सालचें शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक ए. टी. बिजू व मैती या दोघांस मिळालें. हे बिजूहि पूर्वीं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत होते.

मैती यांनीं कोणता प्रश्न हातीं घेतला, तो आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस समजण्याजोगा आहे. बेंझिनच्या कड्यांत कार्बनाचे सहा अणु बसलेले असतात, जणूं सहा जणांची गोल पंगत. प्रत्येकाजवळ एकेक हायड्रोजन. त्यांपैकीं एकाच्या हायड्रोजनाच्या जागीं दुसरा अणुसमूह आला कीं उरलेल्या पांचांचीं स्थानें वेगळीं ठरतात: दोन त्याच्या शेजारचीं, दोन त्यांच्या पलीकडचीं, व एक अगदीं समोरचें. आतां या पांचांतील नेमक्या एकाच स्थानाचा हायड्रोजन काढून तेथें दुसरें कांहीं जोडावयाचें आहे. हायड्रोजन तर सगळे सारखे दिसतात. धातूनें त्यांतला नेमका कसा ओळखावा? शेजारचा गांठणें त्यामानानें सोपें, कारण अणुसमूह धातूस धरतो, त्याचा हात आंखूड असतो, आणि आंखूड हात शेजारींच पोंचतो. पलीकडच्या स्थानासाठीं कॅलिफोर्नियांतील स्क्रिप्स संस्थेचे जिन-क्वान यू व त्यांचे सहकारी यांनीं २०१२ सालीं एक युक्ति दाखविली: मूळ रेणूस तात्पुरता एक लांब बाहु जोडावयाचा व त्याच्या टोकाशीं पॅलेडियम धरून ठेवावयाचें. समोरचें स्थान तर त्याहूनहि दूर. २०१५ सालीं मैती व त्यांचे विद्यार्थी यांनीं इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराचा, म्हणजे दोरी चढविलेल्या धनुष्यासारखा, बाहु रचला. तो कड्यास वळसा घालून पॅलेडियम बरोबर समोरच्या स्थानापाशीं आणून सोडतो. काम झालें कीं बाहु काढून घेतां येतो.

‘एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय?’ असा प्रश्न एखादे पालक विचारतील, व तो रास्त आहे. त्याचें उत्तर औषधाच्या गोळींत सांपडेल. अंगदुखीवर घेतलें जाणारें आयबुप्रोफेन हें औषध प्रथम सहा पायऱ्यांनीं तयार करीत असत. मूळ द्रव्यांतील अणूंपैकीं वजनानें शेंकडा सुमारें ४० भागच औषधांत येई, उरलेले ६० वायां जात. पुढें तीन पायऱ्यांची रीत निघाली. तिच्या शेवटच्या पायरीस पॅलेडियमच्या साह्यानें कार्बन मोनॉक्साइड जोडतात; त्यामुळें तोच हिशेब ७७ वर गेला. १९९२ सालीं अमेरिकेंत टेक्सस प्रांतांत या रीतीचा कारखाना सुरू झाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत रघुनाथ चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनींहि या पायरीवर महत्त्वाचें संशोधन केलें आहे. जें वायां जातें तें कोठें तरी जाऊन पडतेंच. पंचगंगेच्या कांठीं राहणाऱ्या आपणांस कारखान्याचें सांडपाणी म्हणजे काय, हें सांगावयास नको. बाणावरील एक धातु बदलला तर नदींत जाणारी घाण कमी होऊं शकते, ही गोष्ट आमच्या मतें नदीवरील दहा भाषणांहून अधिक मोलाची आहे.

अर्थात्‌ धातूच्या वाटेंत अडचणीहि आहेत. पॅलेडियम अत्यंत महाग. हुपरीच्या चांदी कारागिरांस ठाऊक आहे कीं, धातु मोलाचा असला म्हणजे दुकानांतील केरहि जपून ठेवावा लागतो, व झारेकरी त्यांतून कण वेंचून काढतो. रसायनशास्त्रज्ञासहि तसेंच करावें लागतें. शिवाय औषधांत त्या धातूचा अंश अत्यल्पच राहूं द्यावा असा नियम आहे. म्हणून लोखंड, तांबें, कोबाल्ट अशा स्वस्त धातूंकडून तेंच काम करवून घेण्याचा यत्न जगभर चालू आहे. हा प्रश्न अद्याप सुटलेला नाहीं; आज शाळेंत बसलेल्या मुलामुलींसाठीं तेथें पुष्कळ काम शिल्लक आहे.

आतां पालकवर्गास दोन शब्द. विज्ञान शाखा म्हणजे डॉक्टर किंवा इंजिनियर होण्याचा जिना, अशी समजूत आपल्या शहरांत रुजली आहे. त्या दोन परीक्षांत यश न आलेला मुलगा बी. एस्‌सी. ला गेला, तर घरांत जणूं सुतक पाळतात! पालकांची काळजी आम्ही खोटी म्हणत नाहीं. संशोधनाचा मार्ग लांबचा आहे, त्यांत अनेक प्रयोग फसतात, व प्रत्येकाच्या वांट्यास पारितोषिक येत नाहीं. हातावर पोट असलेल्या घरास इतकी वर्षें थांबणें जड जातें, हेंहि आम्ही जाणतों. तरीपण मैती यांचा मार्ग पुन्हां पाहा: ते पवईस पोंचले ते साध्या बी. एस्‌सी. च्या दारानें. तें दार आजहि उघडें आहे. जॅम नांवाची परीक्षा देऊन आमच्या कोल्हापूरचा बी. एस्‌सी. झालेला विद्यार्थी आय. आय. टी. मध्यें एम्‌. एस्‌सी. ला जाऊं शकतो. आणि १९६२ सालीं स्थापन झालेलें शिवाजी विद्यापीठ तर आपल्या वेशींतच आहे, रसायनशास्त्रांत पीएच्‌. डी. करण्यास गांव सोडावाच लागतो असें नाहीं. तेव्हां मुलीनें किंवा मुलानें ‘मला शोध करावयाचा आहे’ असें म्हटलें, तर त्यास हंसूं नये, आणि शेजाऱ्याच्या मुलाचा पगारहि ऐकवूं नये. निदान एक वर्ष त्याचा प्रश्न काय आहे तें ऐकून घ्यावें.

प्रिय विद्यार्थ्यांनो, तुम्हां सर्वांनीं रसायनशास्त्रज्ञ व्हावें असा आमचा आग्रह नाहीं. सांगणें इतकेंच कीं, यापुढें समीकरण वहींत उतरवून घ्याल तेव्हां बाणावर काय लिहिलें आहे तें प्रथम पाहा, आणि तें तेथें कां आहे हें विचारा. तोच धातु कां, दुसरा कां नाहीं, व त्यावांचून काय झालें असतें, हेंहि विचारा. उत्तर मिळालें तर उत्तम; न मिळालें तर प्रश्नास वहींत एक कोरें पान द्या. तें पान पांच वर्षांनीं भरेल किंवा पंधरा वर्षांनीं भरेल. कदाचित्‌ तें तुम्हांलाच भरावें लागेल.