खुंटीवरचा तानपुरा

दीर्घ दुखण्यातून उठलेल्या माणसाला आपल्या घरांतून दूध, पेज, विश्रांती आणि उपदेश या चारही गोष्टी मुबलक मिळतात. मिळत नाही तो त्याचा छंद. खुंटीवरच्या तानपुऱ्याकडे त्याची नजर वळली रे वळली, की 'आत्ताच कशाला दगदग?' असे कोणी तरी म्हणतेच. म्हणणाऱ्याची माया खोटी नसते. परंतु रोग्याला ती पुन्हा अंथरुणावरच ढकलते.

इंदुरकरांना या बाबतीत उदाहरण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. बेळगावजवळ सुळेभावी येथे 1924 साली जन्मलेले कुमार गंधर्व 1948 च्या जानेवारीत देवासला आले, ते मैफलीसाठी नव्हे, हवापालटासाठी. क्षयाने फुप्फुस पोखरले होते आणि गाण्याला डॉक्टरांची बंदी होती. बालपणीच ज्याच्या गळ्याचे देशभर कौतुक झाले, त्याने ऐन चोविशीत गप्प पडून राहावयाचे! पत्नी भानुमतीबाईंनी शुश्रूषा केली, स्ट्रेप्टोमायसिनने गुण आला आणि 1953 मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले. (हे औषध काही रोग्यांचे कान अधू करते, गवयाच्या संदर्भात ही गोष्ट आठवली म्हणजे अंगावर काटा येतो.)

कुमारांचे गाणे हा फावल्या वेळचा छंद नव्हता, हे आम्ही जाणतो. तथापि त्या मधल्या वर्षांत गळा मिटला असला तरी कान उघडा होता. माळव्यातील बायाबापड्यांची गीते त्यांनी ऐकली; त्या धुनांतून पुढे नवे राग उमलले. 'अनूपरागविलास' 1965 साली प्रसिद्ध झाले. बरे झाल्यावरचे त्यांचे गाणे पूर्वीचे उरले नव्हते. लहान, धारदार स्वराकृतींचे ते गाणे कितपत आजाराने घडविले व कितपत त्यांच्या विचाराने, याविषयी जाणकारांचे एकमत नाही.

सामान्य हौशी माणसाची अडचण नेमकी येथेच असते. घरच्यांनी मुभा दिली तरी पहिल्याच दिवशी त्याला जुना आवाज हवा असतो. षड्ज हलतो, दम पुरत नाही, आणि तो तानपुरा बाजूला ठेवतो, तो कायमचाच. अशा वेळी शेजारच्या मंडळींना कौतुकाने ऐकावयास बोलावणे म्हणजे शुद्ध क्रूरपणा होय. नुसत्या तारा छेडीत पाच-दहा मिनिटे एकट्याला बसू द्यावे. गळ्याला जोर कधी द्यावयाचा ते डॉक्टरांना विचारावे, आत्याबाईंना नव्हे. साध्या क्षयाचा उपचार आज बहुधा सहा महिन्यांत पुरा होतो. आपल्या घरांतील धास्ती मात्र अजून आजोबांच्या काळातीलच आहे.

वर्षभर न वाजलेल्या तानपुऱ्याच्या तारांना गंज चढलेला असतो, जवारीही बिघडलेली असते. रोग्याने मागण्याची वाट न पाहता घरच्या कोणी तरी तो या आठवड्यातच कारागिराकडे न्यावा.