दलित ख्रिश्चनांचा प्रश्न आपला नाही?

"धर्म बदलला ना, मग आता सवलती कशाला?" हा प्रश्न आपल्यातलेच काही तरुण दलित ख्रिश्चनांना विचारू लागले आहेत. मित्रांनो, १९५६ नंतर हाच प्रश्न आपल्या आजोबांना विचारला गेला होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या दर्जाला धर्माची अट घातली. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राने बौद्धांना हा दर्जा दिला तो १९९० मध्ये. दीक्षेनंतर चौतीस वर्षांनी! ख्रिश्चन आणि मुस्लिम दलित आजही बाहेरच आहेत.

सुसाई खटला आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? मद्रासमध्ये रस्त्याकडेला बसून चपला शिवणारा हा माणूस. सरकारने चर्मकारांना मोफत टपऱ्या वाटल्या, त्याला मिळाली नाही, कारण तो ख्रिश्चन. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धर्मांतरानंतरही जातीचा जाच तितकाच तीव्र राहतो, याचा पुरावा आणा. त्याच फूटपाथवर, त्याच आरीने, तेच काम करणाऱ्याने आणखी कोणता पुरावा आणायचा? आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मी ज्या गावांत काम करते, तिथली मोजकी ख्रिश्चन घरे बौद्धवाड्याला नाहीतर मांगवाड्याला लागूनच आहेत. गाव कुणाचाही धर्म विचारून वस्ती ठरवत नाही.

काही जण बाबासाहेबांचा दाखला देतात. बाबासाहेबांनी ख्रिश्चन धर्मांतरितांवर कठोर टीका केली, हे खरेच आहे. चर्चने जात मोडली नाही आणि धर्मांतरित समाज अन्यायाविरुद्ध गप्प राहिला, असे त्यांचे म्हणणे होते. पण यातून उलट आपलाच मुद्दा सिद्ध होतो. चर्चमध्ये जात शिल्लक आहे, तर कायदा ती नाही असे कसे धरतो? आणि १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध छापला तो मिशनच्या 'ज्ञानोदय'नेच, हेही विसरू नये.

म्हणून त्यांचे सगळेच मान्य करायचे असे नाही. प्रार्थनेने आजार बरे करणाऱ्या सभांत औषध बंद करायला सांगितले जात असेल, तर तिथे आपण बोललेच पाहिजे. बाबा-बुवांना विरोध आणि पास्टरला सूट, हा कसला विज्ञानवाद? २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा सर्व धर्मांना लागू आहे. मात्र "धर्मांतर थांबवा" म्हणणाऱ्यांच्या मोर्चात जाऊन ही टीका करायची नसते. एप्रिल २०२४ मध्ये गुजरात सरकारने परिपत्रक काढले. बौद्ध धम्म स्वीकारायलाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल, असे त्यात म्हटले आहे. बाबासाहेबांच्या दीक्षेला परवानगी मागायची कुणाकडे?

राहिली वाट्याची भीती. राज्यात १३ टक्क्यांत आणखी वाटेकरी आले तर आपले काय, ही भीती खोटी नाही. पण त्याला उत्तर लोकसंख्येप्रमाणे टक्का वाढवून मागणे हे आहे. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्येच धर्माची अट काढा म्हणून सांगितले. २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. बौद्ध संघटनांनी या अटीविरुद्ध लेखी भूमिका घ्यावी आणि त्याच निवेदनात वाढीव टक्क्याची मागणीही करावी. तालुक्या-तालुक्यातून असे ठराव गेले पाहिजेत.