वस्ती चांगली आहे ना?

तिसरं वर्ष लागलं की हॉस्टेलच्या पोरांना एक नवाच आजार जडतो. त्याचं नाव 'रूम बघणे'! मेसची भाजी, बाथरूमची लाईन आणि रेक्टर सरांचा राउंड या तिन्हींना कंटाळून चार टाळकी नगरात रूम शोधायला निघतात. (सरांनी हलकेच घ्यावे!) सावेडी, पाइपलाइन रोड, भिस्तबाग, केडगाव अशी परिक्रमा सुरू होते. प्रत्येक दारात एकच प्रश्न, "काका, वस्ती चांगली आहे ना?"

"एकदम चांगली! सगळी आपलीच माणसं."

मित्रांनो, माझं भांडण आहे ते या 'आपली'शी. कारण काकांचा पुढचा प्रश्न ठरलेला, "आडनाव काय तुमचं?" गेल्या वर्षी माझ्यासोबतच्या एका मित्राने आडनाव सांगितलं, आणि दोन मिनिटांपूर्वी रिकामी असलेली खोली 'गावाकडून पाहुणे येणार' म्हणून भरली. असं एकदा नाही, दोन ठिकाणी झालं.

पण नुसती घरमालकांना नावं ठेवून काय उपयोग? आपण तरी कुठे वेगळे? जुन्या गावात स्वस्त खोली आहे म्हटलं की न बघताच म्हणतो, "नको रे, तिकडची वस्ती..." पुढचं वाक्य कोणीच पूर्ण करत नाही. न करताच सगळ्यांना कळतं! वर्कशॉपमध्ये व्हर्नियर लावल्याशिवाय जॉब जमा न करणारे आपण, वस्ती मात्र आडनावावर मोजतो.

मग मोजायचं कशाने? सगळ्यात आधी पाण्याने. नगरला पाणी येतं ते राहुरी तालुक्यातल्या मुळा धरणातून. ते या गल्लीत किती दिवसांनी येतं, किती वाजता, किती वेळ, हे घरमालकाला नाही, शेजारच्या काकूंना विचारा. रोडच्या नावात पाइपलाइन आहे म्हणून नळाला पाणी असेलच असं धरून चालू नका. दुसरं, खोली दिवसा बघितली तरी रात्री नऊला त्या रस्त्याने एकदा चालत जा. खांबावरचे दिवे लागतात का, कोपऱ्यावरचं दुकान उघडं असतं का, एकटी मुलगी न घाबरता क्लासवरून येऊ शकते का, ते बघा. आणि तिसरं, मध्यरात्री ताप भरला तर कोणाचं दार वाजवता येईल? ज्या गल्लीत हे दार आहे ती वस्ती चांगली. दारावरच्या पाटीवर नाव काय आहे, त्याने ताप उतरत नाही.

आपल्याच शहराचं बघा ना. अहमद निजामशहाने १४९० मध्ये ते वसवलं. निजामशाहीत आजूबाजूच्या गावांतून जमिनीखालच्या खापरी नळांनी शहरात पाणी खेळवलं गेलं. पाणी आलं म्हणून माणसं टिकली, बाजार भरला. २०२४ मध्ये शहराचं नाव अहिल्यानगर झालं, पण पाण्याचा हिशेब काही बदलला नाही.

दुसरं उदाहरण नगर तालुक्यातलंच, हिवरे बाजार. एकेकाळी दुष्काळाने लोक गाव सोडून मुंबई-पुण्याला गेले होते. १९९० नंतर पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने पाणी अडवलं, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायला सुरुवात केली, आणि गेलेली कुटुंबं परत आली. पण मला त्याहून मोठी वाटते ती एक छोटी गोष्ट. या गावात मुस्लिम कुटुंब एकच, आणि त्या एका कुटुंबासाठी गावाने मशीद बांधून दिली! गावात 'आपली' माणसं कोण, याचं उत्तर एवढं सरळ कुठे मिळेल?

तेव्हा यंदा रूम बघायला निघाल तर वरचे प्रश्न जरूर विचारा. आणि चौघांतल्या एकाला आडनावावरून खोली नाकारली, तर उरलेल्या तिघांनीही जिना उतरावा. भाड्यात दोनशे रुपये जास्त जातील, शोधायला चार दिवस जास्त लागतील, पण काकांना नीट कळेल. घरमालक आज ना उद्या बदलतील, सुरुवात निदान भाडेकरूंनी तरी करायला काय हरकत आहे?