शत्रूच नाही, मग लढायचं कोणाशी?

लेसोथो. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेनं वेढलेला छोटा डोंगराळ देश. राजा आहे, पण नावापुरता, कारभार पंतप्रधानांकडं. सैन्य दोनेक हजारांचं. नकाशा बघा आणि सांगा, हे सैन्य लढणार कोणाशी?

बंदुका आतच वळल्या. १९८६ मध्ये लष्करानं थेट सत्ता घेतली. २०१४ मध्ये बंडाच्या भीतीनं पंतप्रधान टॉम थबाने सीमेपलीकडं पळाले. २०१५ मध्ये माजी लष्करप्रमुख महाओ सैनिकांच्याच गोळ्यांना बळी पडले. २०१७ मध्ये तर पदावर असलेले लष्करप्रमुख मोत्सोमोत्सो यांना त्यांच्याच अधिकाऱ्यांनी मारलं. शेवटी शेजारी देशांना तिथं आपले सैनिक पाठवावे लागले.

खरी गोम वेगळीच आहे. थबानेंनी लष्करप्रमुख कामोलींना काढून महाओंना आणलं. पुढच्या पंतप्रधानांनी पुन्हा कामोलींनाच बसवलं. खुर्चीत ‘आपला माणूस’ हवा, हा सगळा खेळ. मग बराकीतही गट पडणारच ना? सुधारणा करायचीच, तर लष्करप्रमुखाची निवड एकट्या पंतप्रधानाच्या मर्जीवर सोडून चालणार नाही.