सखी दारात, खुर्ची दूरच

आयुर्विमा महामंडळाची ‘विमा सखी’ योजना पंतप्रधानांनी ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपतला सुरू केली. दहावी उत्तीर्ण, १८ ते ७० वयोगटातील महिलांना पहिल्या वर्षी दरमहा ७,००० रुपये विद्यावेतन मिळते. पुढच्या दोन वर्षांत ते ६,००० आणि ५,००० वर येते. कमिशन वेगळे. गावातल्या बाईशी तिच्याच भाषेत, तिच्याच ओट्यावर बसून हप्त्याचे बोलणारी बाई विमा क्षेत्राला हवी होतीच. नवऱ्याच्या मृत्यूनंतर दाव्याचे कागद जुळवताना पुरुष एजंटाला न विचारता येणारे प्रश्न सखीला विचारता येतात.

पण ही नोकरी नव्हे. योजनेतच तसे स्पष्ट आहे: विमा सखी पगारी कर्मचारी नाही. म्हणजे पॉलिसी खपवण्याचे कष्ट तिचे, भविष्यनिर्वाह निधी मात्र नाही. पदवीधर सखींना विकास अधिकारीपदासाठी संधी देण्याचे आश्वासन आहे, दहावी झालेलीचे पाऊल तिथे अडते. तिला पदवी पूर्ण करायला महामंडळाने फी का भरू नये?

वरच्या मजल्यांची कथा आणखी संथ. १९५६ साली स्थापन झालेल्या महामंडळाला उषा सांगवान यांच्या रूपाने पहिली महिला व्यवस्थापकीय संचालक मिळाली ती २०१३ मध्ये. वरच्या पदांचा प्रश्न फक्त स्त्रियांचा नाही, दिव्यांगांचाही आहे. त्यांच्यासाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आस्थापनांत चार टक्के जागा राखल्या. खासगी विमा कंपन्यांवर तशी सक्ती नाही. त्या कंपन्यांनी किती स्त्रिया, किती दिव्यांग, कोणत्या पदावर, हे शाखानिहाय जाहीर करावे, असा आदेश विमा नियामकाने काढावा.