निबंध कुणाचा?



गेल्या महिन्यात आमच्या घरी पेढे वाटले गेले. सातवीत शिकणाऱ्या आमच्या लेकीला शाळेच्या निबंध स्पर्धेत दुसरा नंबर मिळाला. विषय होता फातिमा शेख. प्रमाणपत्राचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला आणि ‘माशाअल्लाह’चा पाऊस पडला. रात्री दादींनी निबंध वाचता वाचता सहज विचारलं, ‘‘बेटा, हे ‘प्रस्थापित’ म्हणजे काय गं?’’ लेक गप्प. मग हळूच म्हणाली, ‘‘मला नाही माहीत, दादी. ते नेटवरचं आहे.’’

आम्ही रागवायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण मोबाइलवर ते पान आम्हीच शोधून दिलं होतं. ‘‘उद्या द्यायचंय ना? दोन-चार शब्द बदल आणि उतरवून काढ,’’ हेही आमचेच शब्द.

‘‘सगळेच तसं करतात,’’ लेक म्हणाली. तिसरा नंबर कुणाचा आला, असं दादींनी विचारलं. तो तिच्याच बाकावरच्या मैत्रिणीचा होता. त्या मुलीने निबंध स्वतः लिहिला होता. आमच्या घरातल्या पेढ्याची चवच गेली.

सहीह मुस्लिममधली एक हदीस आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. वरून कोरडं दिसणारं धान्य आतून ओलं होतं. विक्रेता म्हणाला, पावसात भिजलं. तेव्हा आपण (सल्ल.) विचारलं की, मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस? फसवणारा आपल्यातला नाही, असंही बजावलं. धान्य भिजणं हा गुन्हा नव्हता. ते लपवणं हा होता.

वहीचंही तसंच आहे. पुस्तकातून, नेटवरून, एखाद्या एआय अ‍ॅपवरून किंवा अम्मीकडून मदत घेण्यात पाप नाही, फक्त शाळेने तेवढी मुभा दिलेली असावी आणि ती मदत वर, दिसेल अशी ठेवावी. मुलांना आम्ही आता तीन गोष्टी सांगतो. तारीख, ठिकाण अशी सर्वांना ठाऊक असलेली माहिती कुणा एकाची नसते. ती आपल्या शब्दांत लिहा. दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं हवं असेल, तर अवतरणचिन्हात घ्या आणि त्याचं नाव लिहा. आणि दोन शब्द बदलल्याने वाक्य आपलं होत नाही. पुस्तक मिटून जे सांगता येईल, ते आपलं.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. हदीसच्या ग्रंथांत कुणी कुणाकडून ऐकलं, याची नावानिशी साखळी दिलेली असते. तिलाच इस्नाद म्हणतात. ज्ञान ही अमानत आहे. ज्याच्याकडून मिळालं त्याचं नाव गाळणं म्हणजे त्या अमानतीत खयानत.

आणि खुद्द फातिमा शेख? सावित्रीबाई फुले आजारपणात माहेरी, नायगावला होत्या. तिथून १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी फातिमाची आठवण काढली आहे. आपल्यामागे तिच्यावर कामाचा भार पडत असेल, याची त्यांना काळजी होती. सोबतीणीचे कष्ट त्यांनी तिच्या नावानिशी नोंदवले. अशा बाईवरचा निबंध आम्ही दुसऱ्याचं नाव पुसून लिहवून घेतला होता.

सोमवारी आम्ही लेकीसोबत शाळेत गेलो. आधी आमची चूक सांगितली, मग तिने तिची. प्रमाणपत्र परत केलं. बाईंनी ते घेतलं, नंबर बदलला आणि निबंध पुन्हा लिहून आणायला सांगितला. ग्रुपवरही आम्ही दोन ओळी लिहिल्या. त्या लिहिताना हात जड झाला, हे कबूल करतो.

नवा निबंध दीड पानाचाच झाला. त्यात अशुद्ध शब्द आहेत, एक वाक्य अर्धवट आहे. शेवटी तिने लिहिलं आहे: ‘माहिती कुठून घेतली – शाळेच्या वाचनालयातलं पुस्तक, आमच्या बाई आणि माझी दादी.’

मुलांच्या वहीवर आज एकदा नजर टाका. किती गुण मिळाले, हे विचारण्याआधी विचारा, ‘‘बेटा, यातलं तुझं कोणतं?’’ आणि उत्तर काहीही आलं तरी रागावू नका. ते पान शोधून देणारा हात कदाचित आपलाच असेल.