विलायतेतला वसंत आणि शिवारातली पायवाट



चैत्र लागला की आपल्याकडे रान मोकळे होते, विहिरीचा तळ दिसू लागतो आणि माणसे सावली शोधू लागतात. याच दिवसांत विलायतेतली माणसे ऊन शोधत घराबाहेर पडतात. आपल्या खेड्यापाड्यांतली मुले-मुली आता तिकडे जाऊन संसार थाटू लागली आहेत. मागे राहिलेल्या आईबापांना घोर असतो, की परक्या मुलखात लेकरांचा दिवस जातो कसा? माझी एक पुतणी इंग्लंडात डर्बीशायर परगण्यातल्या एका खेड्याजवळ राहते. तिच्याकडून जे कळले आणि मी जे वाचले, त्यातले तुमच्या कामाचे तेवढे आज सांगतो.

तिकडचा हिवाळा माणसाला घरात कोंडून घालतो. डिसेंबरात दुपारी चारच्या आत दिवस मावळतो. मग मार्चच्या शेवटच्या रविवारी सगळा देश घड्याळे एक तास पुढे करतो. ही रीत १९१६ सालापासूनची. एप्रिल संपता संपता संध्याकाळी साडेआठपर्यंत उजेड राहतो. कामावरून आल्यावरही हाताशी चार घटका उरतात.

घरात मोलकरीण नाही. नवरा भांडी घासतो, बायको गवत कापायचे यंत्र फिरवते, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. ऊन पडले की आधी धुणे बाहेरच्या दोरीवर. आपल्याला याचे काय कौतुक? पण चार महिने घरातच कपडे वाळवलेल्या बाईला विचारा!

घरामागे जागा थोडी. म्हणून गावच्या कौन्सिलकडून तिने भाजीपाल्यासाठी वाफा खंडाने घेतला आहे. तिकडे याला अलॉटमेंट म्हणतात. लोकांची मागणी असेल तर कौन्सिलने अशी जमीन पुरवावी, असे १९०८च्या कायद्यात आहे. जुन्या मापाचा पुरा तुकडा एकराचा सोळावा हिस्सा, म्हणजे आपले बरोबर अडीच गुंठे. दुसऱ्या महायुद्धात अशा तुकड्यांनी लोकांच्या ताटात भाजी घातली. आज तर कित्येक गावांत नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागते.

बटाट्याचे बेणे ती अंड्यांच्या रिकाम्या पुठ्ठ्यात डोळे वर करून खिडकीच्या उजेडात मांडते. आखूड, जाड कोंब आले की एप्रिलात लावते. पण घाई नडते. मे अर्धा सरेपर्यंत तिकडे रात्री दव गोठण्याची भीती असते आणि कोवळे कोंब एका रात्रीत काळे पडतात. म्हणून आभाळ निरभ्र दिसले की कोंबांवर माती ओढायची किंवा जुने कापड टाकायचे. मिरचीची रोपे मेअखेरपर्यंत घरातच. मेथी-कोथिंबीर मात्र थंड हवेत छान येते. आपल्या हाताची मेथी चिरताना परका मुलूख थोडा कमी परका वाटतो, असे ती म्हणते.

रविवारी डब्यात थालीपीठ बांधून सगळे फिरायला निघतात. जंगलात झाडांखाली निळ्या घंटांसारख्या फुलांचा सडा असतो. डोंगरउतारावर कोकणातल्या गडग्यासारखे बिनचुन्याचे दगडी बांध आणि बांधाआड नुकतीच जन्मलेली मेंढीची कोकरे. आता खरी गोष्ट ऐका. ही वाट जाते दुसऱ्याच्या खाजगी शेतातून, आणि शेतकरी कुणाला अडवत नाही. तुम्ही म्हणाल, तिकडचा शेतकरी फार मोठ्या मनाचा असेल. तसे नाही, मंडळी. हा हक्क भांडून मिळालेला आहे.

पूर्वी तिथली पुष्कळशी डोंगराळ माळराने जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवली होती. २४ एप्रिल १९३२ रोजी काही शे कामगार तरुण बंदी मोडून डर्बीशायरच्या किंडर स्काउट या डोंगरावर चढले. रखवालदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. पण प्रश्न ऐरणीवर आला. पुढे १९४९च्या कायद्याने परगण्या-परगण्यांतल्या वहिवाटीच्या वाटा नकाशावर नोंदवायचे ठरले. त्या नकाशात वाट आली की तो पक्का पुरावा. तोंडी वादाला जागाच नाही.

यात शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडलेले नाही. शेताच्या मधून जाणारी पायवाट टाळून मशागत करणे सोयीचे नसेल, तर ती त्याला नांगरता येते. मात्र पेरणीसाठी पहिल्यांदा रान मोडल्यावर १४ दिवसांत, आणि त्यानंतरच्या प्रत्येक मशागतीनंतर २४ तासांत ती चालण्याजोगी करून द्यायची. रुंदीची नोंद नसेल तर किमान एक मीटर. बांधाकडेची वाट नांगरायचीच नाही. उलट, चालणाऱ्याला हक्क आहे तो फक्त जाण्या-येण्याचा. वाट सोडून पिकात शिरता येत नाही. फाटक जसे सापडले तसेच ठेवायचे. उघडे असेल तर उघडे, बंद असेल तर बंद. कुत्रा दोरीला हवा, कारण कुत्रे मागे लागले तर गाभण मेंढी गाभ टाकते. मेंढ्यांमागे कुत्रा लागला तर मालकावर खटला भरता येतो. तो कायदा १९५३चा.

आता आपल्या शिवाराकडे वळू. बांधाच्या हातभर जागेपायी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. पाणंद दोन्हीकडून नांगरली जाते, आणि पावसाळ्यात ऊस, भाजी, नाहीतर अडलेली बाळंतीण बाहेर काढायची वेळ आली की गाडी अडते. नुकसान होते ते एकट्याचे नव्हे, साऱ्या वस्तीचे.

आपल्याकडेही कायदा आहे. आपल्या गावनकाशात पायवाट तुटक रेषेने दाखवलेली असते. तो नकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मागता येतो. शेतात जायला वाटच नसेल तर १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून बांधावरून वाट मागता येते. चालू वहिवाटीची वाट कुणी अडवली तर १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याचे कलम ५ आहे. पण त्याला मुदत आहे. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागितली पाहिजे. "बघू पुढच्या सुगीला" म्हणत बसलात तर हा मार्ग हातचा जातो.

तरीही माझे सांगणे एवढेच, की अर्जाआधी शेजाऱ्याच्या ओसरीवर जा. रान रिकामे आहे, बांध उघडा दिसतो आहे, पाऊस लांब आहे. नकाशा पुढे ठेवा, चार जाणती माणसे बोलवा आणि वाटेच्या दोन्ही अंगांना दगड रोवा. पेरणी झाली की पिकाचे नुकसान मध्ये येते आणि बोलणी अडतात. विलायतेतल्या माणसाला रविवारी हिंडायला वाट लागते. आपल्याला तर पोटासाठी लागते. ती मृगाआधी मोकळी करा.

पुढच्या आठवड्यात उन्हाळी नांगरटीविषयी बोलू.